शिह-पू आणताय? नागपूरच्या उन्हाचा विचार आधी करा

शिह-पू म्हणजे शिह त्झू आणि पूडल या कुत्र्यांच्या जातींचा संकर. त्याची एकाच वेतातली पिल्लंही सारखी निघत नाहीत. एखाद्याचं नाक पूडलसारखं लांब, एखाद्याचं अगदी चपटं. नागपुरात राहणार असाल तर लांब नाकाचंच निवडा. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. मे महिन्यातल्या ४५ अंशांत चपट्या नाकाला ते जमत नाही. फिरवणं पहाटे आणि रात्री उशिरा. तळहाताची मागची बाजू डांबरावर ५ सेकंद टेकवा, चटका बसला तर परत फिरा. पाऊस सुरू झाला की दमट हवेत कूलर फारसा कामाचा नाही, हे बरेच जण विसरतात.

केस फारसे गळत नाहीत म्हणून खूश होऊ नका. सुटलेला केस तिथेच अडकतो आणि कानामागे, काखेत, पट्ट्याखाली गुंता होतो. रोज १० मिनिटं स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), मग स्टीलचा कंगवा थेट मुळापासून. कंगवा अडला म्हणजे खाली नमदा, म्हणजे केसांचा घट्ट गोळा, तयार झालाय. तो अंघोळीआधीच सोडवा, ओला झाला की आवळतो. उन्हाळ्यात पार भादरू नका, दीड-दोन सेंटिमीटर केस राहू द्या. उघडी कातडी भाजते.

३ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा खायला द्या. एवढ्या लहान जिवाची साखर उपाशीपोटी पटकन उतरते. पिल्लू लटपटू लागलं तर हिरड्यांना ग्लुकोज चोळून लगेच डॉक्टरांकडे न्या. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कधीच नको.