रानपिंगळ्याचा फोटो टिपायला जातोस ना?

अरे, इंदूरहून रात्रीच निघून खंडव्याच्या कालीभीतच्या सागवानात उजाडायच्या आत पोहोचणार आहेस, फार छान! पण आधी पक्षी नीट ओळख. साधा पिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, आपल्या शहरातल्या जुन्या झाडांवरही दिसतो. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. १८८४ नंतर हा पक्षी थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तेव्हा त्याची किंमत ओळखून वाग.

तो दिवसा वावरतो. ऊन वर आलं की निष्पर्ण सागाच्या उंच फांदीवर बसून शेपूट झटकत राहतो. सूर्य पाठीशी घे. मागे नुसतं आकाश असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक स्टॉप (दुप्पट) वाढव, नाहीतर पक्षी काळाठिक्कर येतो. ऊन थेट पोटावर पडलं तर उलट थोडं कमी कर, पांढऱ्या पिसांचा तपशील आधी उडतो. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे, रवाळ फोटो चालतो, हललेला नाही.

आणि मोबाइलवर त्याची हाक अजिबात वाजवू नकोस. माझ्यासमोर एकाने वाजवली होती. चोचीतला सरडा टाकून तो आमच्या डोक्यावर आला आणि कितीतरी वेळ ओरडत राहिला. त्याला वाटलं, हद्दीत दुसरा नर शिरला. अजून वाईट वाटतं रे. घरट्याची ढोली दिसली तर लगेच मागे फिर, आणि फोटोसोबत जागा कुणालाही सांगू नकोस.