आवाज बसलाय आणि पाण्याचा ठसका लागतो

प्रश्न : आमचे वडील ५८ वर्षांचे, गावच्या भजनी मंडळात म्हणतात. दोन महिन्यांपासून आवाज बसलाय, बोलताना नुसती हवा सुटते. अर्ध्या अभंगात दम लागतो. भाकरी नीट जाते, पण पाण्याचा ठसका लागतो. घसा दुखत नाही, कसलं ऑपरेशनही झालेलं नाही. बिडीची सवय जुनी आहे. गुळण्या, काढे करून झाले. काय असेल?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : आता काढ्यांवर दिवस घालवू नका. ही लक्षणं एकत्र दिसली की एक स्वरतंतू लुळा पडल्याचा संशय घ्यावाच लागतो. बोलताना दोन्ही तंतू मध्ये येऊन भिडतात. एक जागचा हलेना की फट राहते. तिच्यातून हवा वाया जाते, म्हणून दम लागतो. पाणी पातळ, झटकन घसरतं आणि श्वासनळीत शिरतं. भाकरीचा घास सावकाश सरकतो, म्हणून तो जातो. खोकलाही पोकळ येतो. वडिलांना दीर्घ श्वास घेऊन ‘आ’ लांबवायला सांगा. निरोगी माणसाला साधारण १५ सेकंद जमतं. त्यांना किती जमतं ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

दोष बहुधा तंतूत नसतो, त्याला हलवणाऱ्या नसेत असतो. डावी नस मानेतून थेट छातीत उतरते, महाधमनीला खालून वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. एवढ्या लांबच्या वाटेवर फुप्फुसाचा कर्करोग, अन्ननलिकेची गाठ, क्षयाच्या गाठी किंवा फुगलेली धमनी, काहीही तिला दाबू शकतं. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावणं हे नेहमीचं कारण. तुमच्याकडे ते नाही. कधी विषाणूंमुळे होतं, कधी कारण सापडतच नाही. पण बिडी ओढणाऱ्याच्या बाबतीत छाती तपासल्याशिवाय तसं म्हणू नये.

परभणीत किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीनं तंतू पाहून घ्या. तंतू लुळा निघाला तर सीटी स्कॅन नुसता गळ्याचा नको; कवटीच्या तळापासून छातीपर्यंत हवा. नस सावरायला वर्षभरही लागतं, तोवर आवाजाचे व्यायाम किंवा तंतूत इंजेक्शन देता येतं. नाहीच सावरली तर ऑपरेशननं तंतू मध्ये सरकवतात. वाट पाहायची ती उपचारात, तपासणीत नाही.

तोवर पाणी ताठ बसून, हनुवटी छातीकडे झुकवून, एकेक छोटा घोट. पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. कुजबुजत बोलायला लावू नका, घशावर ताण येतो. ठसक्यांपाठोपाठ ताप आला तर न्यूमोनियाची शंका घ्या, त्याच दिवशी दाखवा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.