एकाच वावरात वरची माती वेगळी वागते न खालची वेगळी, असं का?

राम राम मंडळी, या वेळी आलेले तीन प्रश्न दिसायला वेगळे आहेत पण मूळ एकच आहे म्हणून उत्तर एकत्रच देतो.

यावलकडचे एक दादा विचारतात, तुकडा एकच, बियाणं एक, खत एक, तरी डोंगराकडच्या वरच्या अंगाला पहिल्या पावसात खपली धरते न कापूस वरच येत नाही, आणि खालच्या अंगाला नाल्याजवळ पाणी जिरत नाही, वाळलं की ढेकूळ कुदळीला ऐकत नाही. मुक्ताईनगरच्या भाऊंचा प्रश्न, दोन वर्षं जिप्सम (चोपण जमीन सुधारायला टाकतात ते कॅल्शियमचं खनिज) टाकतोय, फरक काहीच नाही. आणि साक्रीहून विचारलंय की रोटाव्हेटरनं रान मस्त भुसभुशीत करतो पण एक पाऊस झाला की पुन्हा घट्ट, मग एवढं डिझेल जाळून उपयोग काय.

तिघांनीही आधी एक गोष्ट घरीच करून बघा, पैसा लागत नाही. वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाचं एक-एक बोराएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, काचेच्या तीन ग्लासात पावसाचं नाहीतर आरओचं पाणी घ्या (बोअरचं नको, त्यातले क्षार खरं चित्र झाकून टाकतात) आणि ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ बुडबुडे सोडत फुटलं, बारीक चुरा तळाला बसला पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं, तर त्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश, कमी आहे. पण ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग उठला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर मातीत सोडियम चढलंय, म्हणजे चोपण होतेय. ही दोन दुखणी वेगळी न औषधंही वेगळी, आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथंच, एकाचं औषध दुसऱ्याला देऊन.

आता वर-खाली फरक का पडतो ते. उतारावरनं पाणी पळतं तेव्हा आधी बारीक माती न कुजलेला काडीकचरा घेऊन जातं, कारण तेच हलकं असतं. वर्षानुवर्षं असं झालं की वरच्या अंगाला मुरूम, खडे न उथळ माती उरते. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो तो कुजलेल्या पदार्थांचा चिकटपणा, मुळ्या आणि बुरशीचे धागे, तेच तिथं राहत नाहीत. त्यात आपला मे महिना, माती पार कोरडीठाक होते, आणि कोरड्या ढेकळात एकदम पाणी शिरलं की आतली हवा कोंडून ते आतनंच फुटतं, बारीक कण छिद्रात बसतात, वर ऊन पडलं की खपली. खालच्या अंगाला उलटं, वरनं आलेली चिकणमाती न क्षार तिथं साठतात, निचरा नाही, पाणी उडून जातं न सोडियम मागं राहतं. पूर्णा न तापीच्या काठची खोल काळी जमीन कसदार खरी, पण तिथं हा धोका सगळ्यात जास्त. त्यातच बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेला एक क्षार) जास्त असेल तर ते मातीतलं कॅल्शियम चुनखडी करून बसवतं न सोडियमला रान मोकळं मिळतं, म्हणून बोअरचं पाणी देणाऱ्या केळीवाल्यांनी मातीबरोबर पाणीपण तपासून घ्याच. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून न पावसात फुगून स्वतःची घडण (कणांची एकमेकांना धरून झालेली रचना) बऱ्यापैकी स्वतःच दुरुस्त करते, पण सोडियम चढलं की ही ताकद जाते.

मुक्ताईनगरच्या भाऊंना सांगतो, जिप्सममध्ये खोट नाही, पण ते फक्त सोडियमला कणापासून सोडवतं, सुटलेलं सोडियम वाहून बाहेर जायला वाट पाहिजे. चर नसतील तर ते तिथंच राहतं न पुन्हा बसतं. आधी उताराच्या तोंडाला नाल्यापर्यंत चर काढा, मग मातीच्या रिपोर्टप्रमाणे जिप्सम पावसाआधी वरच्या अर्धा फूट मातीत मिसळा (पीएच 8.5 च्या वर न विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांतला सोडियमचा वाटा, 15 टक्क्यांच्या वर असेल तर ते चोपणच समजायचं), पावसाचं पाणी जिरू द्या, आणि मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलावर यायच्या आत, साधारण 45 दिवसांनी, गाडा.

साक्रीच्या दादांनो, रोटाव्हेटरनं पीठ केलेली माती घडणीची नसते, ती नुसती सुटी असते. उथळ मुरमाड रानात तर तो जितका कमी तितकं बरं. वाफसा (माती ना ओली ना कोरडी अशी) बघून वखर मारा, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) बांधावर रचून जाळू नका, श्रेडरनं बारीक करून रानातच पसरा, बोंडअळीलापण आसरा राहत नाही. पेरणी उताराला आडवी. हे एक ऐकलं तरी निम्मं काम होतं, पण ट्रॅक्टर वळवायला सोपं म्हणून आपण उभ्या सऱ्या पाडतो न प्रत्येक सरीचा ओढा करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण गेलेली माती आपल्या हयातीत परत तयार होत नाही.

यावलच्या दादा, तुमच्या वरच्या अंगाला शेणखत, आडव्या सऱ्या न जमलं तर तलावाचा गाळ, पण गाळ तपासून, पातळ थर न मातीत मिसळून. नुसता जाड थर टाकला तर वरचं पाणी खालच्या मुरमात नीट उतरत नाही. खालच्या अंगाला जिप्सम ग्लासातला ढग बघूनच. आणि नमुना देताना सगळ्या वावराची माती एकत्र कालवू नका, वरचा, मधला, खालचा अशा तीन पिशव्या वेगळ्या, प्रत्येकीवर गट नंबर न अंग लिहून जिल्ह्याच्या मृद परीक्षण प्रयोगशाळेत द्या, आणि फॉर्मवर सोडियम न पाण्याची तपासणी दोन्ही मागून घ्या, कारण नेहमीच्या रिपोर्टात ती येईलच असं नाही.