घरी सगळं येतं, इंटरव्ह्यूत डोकं ब्लँक होतं

"मॅडम, मी त्या लायकीचाच नाही का?" मोठ्या टेक कंपनीने नकार दिला की हा प्रश्न घेऊन पोरं माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यातल्या एकाचं सांगते, नाव बदललंय, निखिल म्हणू. वय 26, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी, आणि एका नावाजलेल्या कंपनीच्या बंगळुरू ऑफिससाठी शेवटच्या राउंडपर्यंत पोचलेला. नकाराचा मेल दोन ओळींचा, कारण काही दिलेलं नाही. तेव्हापासून जेवण कमी, झोप उडालेली, आणि आईचं एकच चालू की पोराला कोणाची तरी नजर लागली.

निखिल म्हणाला, "प्रश्न सोपा होता हो, मी विचार करून राहिलो होतो आणि समोरचा नुसता टाइप करून राहिला होता, मला वाटलं गेलं आपलं."

अरे पण टाइप करणं हेच त्याचं काम! गूगलमध्ये राउंड साधारण पाऊण तासाचा असतो आणि घेणारा एकटा काही ठरवत नाही, तो जे ऐकलं-पाहिलं ते लिहून देतो आणि तुम्हाला कधी न भेटलेली कमिटी ते वाचते. अ‍ॅमेझॉनमध्ये बार रेझर म्हणून एक जण असतो, निवडीचा दर्जा घसरू नये हे पाहणारा, तोही मुद्दाम त्या टीमबाहेरचा. मग तू गप्प बसून डोक्यात कितीही भारी विचार केलास तरी तो कागदावर येणार कसा?

मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तरी त्याला म्हटलं एक प्रश्न माझ्यासमोर सोडव. त्याने घेतला: आकड्यांची यादी आहे, त्यातले कोणते दोन मिळून दहा होतात ते शोधायचं. आणि बसला पेन चावत. म्हटलं बोल, तर म्हणे इंग्लिशमध्ये? म्हटलं नाही रे, घरी बोलतो तसा बोल.

"हे पाहा, हा सात आहे, म्हणजे मले तीन पाहिजे. दर वेळी पूर्ण यादी कायले पाहू, पाहिलेले आकडे एका जागी लिहून ठेवतो न, तीन आधी येऊन गेला असंन तर तिथंच सापडते."

मला कळलं, म्हणजे बघा! इंग्लिश नंतर आणलं, तेही मोडकंतोडकं चालेल म्हणून, आणि "मला एक मिनिट विचार करू द्या" हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय लावली. आपल्याकडे मोठ्यांसमोर तोंड उघडू नको हे लहानपणापासून इतकं घोटून घेतात की पोरगं पंचविशीतही समोर साहेब दिसला की मुकं होतं, यात नजरबिजर काही नाही.

लायकीचं म्हणाल तर आत पोचलेलेही माझ्याकडे येतात. आपण चुकून इथे आलो, कधीतरी पकडले जाऊ, ही भीती क्लान्स आणि आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच मांडली, तीही कर्तबगार बायकांबद्दल. त्यात जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12 हजार लोक कमी करायचं जाहीर केल्यापासून नोकरी लागली म्हणजे सुटलो असंही कोणी म्हणत नाही.

झोप दोन-दोन आठवडे उडालेली असेल, कामात लक्षच लागत नसेल, तर सायकियाट्रिस्टला जरूर दाखवा, लाजायचं काम नाही. निखिलला ती वेळ आली नाही. तो आता धाकट्या बहिणीला समोर बसवून सराव करतो, आणि ती मधेच मोबाईल घेऊन उठून जाते अशी त्याची तक्रार आहे.