पेन्येंगात बेटासाठी शनिवार-रविवार द्यावा का, की दोन तासांत उरकतं?

तुम्ही सिंगापूरला राहता, आई-बाबा भारतातून आलेत आणि एक शनिवार-रविवार इंडोनेशियातल्या रियाऊ बेटांपैकी पेन्येंगात या बेटासाठी द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की तिथे एक पिवळी मशीद आणि चार थडगी आहेत, दोन तासांत सगळं होतं.

जरूर द्या. पण दोन तासांत उरकायला जाऊ नका. बेट लहान आहे हे खरं: लांबी साधारण अडीच किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरच्याही आत. धावतपळत फिरलात तर पिवळ्या भिंती आणि हिरव्या चौकटी तेवढ्या लक्षात राहतील. हे बेट नीट बघायचं तर तीन माणसं आधी ओळखीची झाली पाहिजेत: राजा हाजी, त्यांची मुलगी एंग्कू पुत्री आणि त्यांचा नातू राजा अली हाजी. तिघांच्याही कबरी तिथेच आहेत. पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा मी जाताना फेरीबोटीतच ही गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे उतरल्यावर प्रत्येक जागा आपोआप बोलायला लागते.

थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकात जोहोर-रियाऊची सल्तनत होती. आजचं सिंगापूर, जोहोर, पाहांग आणि रियाऊची बेटं तिच्यात मोडत. सुलतान मलय घराण्यातला, पण 1722 पासून कारभार सुलावेसीहून आलेल्या बुगिस घराण्याच्या हातात. त्यांच्या प्रमुखाचं पद 'यांग दिपेर्तुआन मुदा', थोडक्यात मुदा. आई-बाबांना समजावताना साताऱ्याचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे सांगा, एका वाक्यात कळेल. काळही जवळपास तोच. फरक इतकाच की इथे दोन्ही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत राहिल्या. पुढे सुलतान दक्षिणेला लिंगा बेटावर गेले आणि मुदांचं बस्तान पेन्येंगातला बसलं.

राजा हाजी हे चौथे मुदा. डचांशी त्यांचं युद्ध पेटलं तेव्हा पेन्येंगातच्या टेकडीवर मातीचे तट उभे राहिले आणि खंदक खणले गेले. त्या टेकडीला बुकित कुर्सी म्हणतात. 1784 मध्ये त्यांनी डचांच्या ताब्यातल्या मलाक्क्याला वेढा घातला आणि जूनमध्ये तलुक कतापांगच्या लढाईत ते मारले गेले. त्यांचा देह नंतर पेन्येंगातला आणला. बेटासमोरच्या तांजुंगपिनांग शहराच्या विमानतळाला आज त्यांचंच नाव आहे.

आता त्यांची मुलगी राजा हमीदा, म्हणजेच एंग्कू पुत्री. (तिकडे 'राजा' ही पदवी स्त्रियांनाही लागते.) माझ्या मते हे बेट तिचं आहे, आणि कागदोपत्रीही ते तिचंच होतं. 1803 च्या सुमारास सुलतान महमूद शाह तिसरे यांनी तिच्याशी लग्न केलं आणि मेहेर (मुस्लिम लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची भेट) म्हणून हे अख्खं बेट तिच्या नावावर करून दिलं. सल्तनतीची राज्यचिन्हंही तिच्याच ताब्यात होती: नौबत, विड्याचा सरंजाम, नागवेलीच्या पानाच्या आकाराचा सोन्याचा 'चोगान', म्हणजे राजदंड. ही चिन्हं समोर असल्याशिवाय सुलतानाचा राज्याभिषेक खरा मानत नसत.

1812 मध्ये सुलतान वारले. थोरला मुलगा हुसेन तेव्हा स्वतःच्या लग्नासाठी पाहांगला गेलेला. हमीदाचा भाऊ राजा जाफर तेव्हा मुदा होता. त्याने धाकट्या अब्दुल रहमानला पुढे केलं. दोघेही हमीदाचे सावत्र मुलगे. तिचा कौल हुसेनला होता आणि चिन्हं द्यायला ती तयार होईना. 1819 मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्सने हुसेनला सिंगापूरला आणून सुलतान म्हणून जाहीर केलं आणि त्या बदल्यात वखारीची परवानगी मिळवली. सिंगापूरच्या शाळेत हे सगळ्यांना शिकवतात. पण त्या समारंभाला राज्यचिन्हं नव्हती, ती इथे, या बेटावर, एका विधवेच्या घरात होती. 1822 मध्ये डचांनी सैन्य आणून ती तिच्याकडून जबरदस्तीने काढून घेतली, पुढच्या वर्षी अब्दुल रहमानला त्यांच्यासह गादीवर बसवलं, आणि 1824 मध्ये लंडनच्या तहात इंग्रज-डचांनी सामुद्रधुनीतून रेघ ओढून राज्याचे दोन तुकडे केले. तुम्ही फेरीने जाताना पासपोर्टवर शिक्का घ्याल तो त्याच रेघेपायी.

म्हणून मी सुचवीन की धक्क्यावर उतरल्यावर मशीद समोर दिसली तरी आधी एंग्कू पुत्रीच्या कबरीकडे चला. चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भिंतींच्या आवारात एक पिवळी इमारत आहे आणि आत मधोमध तिची कबर. कबरीच्या दोन्ही टोकांच्या शिळा पिवळ्या कापडात गुंडाळलेल्या असतात. पिवळा हा मलय राजघराण्याचा रंग. शिळांचे आकार बघायला विसरू नका. चपटी, पाटीसारखी शिळा स्त्रीची, गोल खांबासारखी पुरुषाची. एकदा हे कळलं की बेटावरच्या कुठल्याही कबरस्तानात नाव वाचता न येताही कोण कोण आहे ते उमगतं. माझ्या आईला ही गोष्ट इतकी आवडली की पुढचा सगळा वेळ ती शिळाच बघत होती.

त्याच आवारात, इमारतीच्या बाहेर, तिच्या भाच्याची, राजा अली हाजींची कबर आहे. 1808 च्या आसपास जन्म, 1873 च्या सुमारास मृत्यू. वडिलांबरोबर तरुणपणी मक्केला जाऊन आलेला हा माणूस परतल्यावर आयुष्यभर लिहीत राहिला. 1847 चं त्यांचं 'गुरिंदाम दुआ बलास' म्हणजे बारा प्रकरणांचा उपदेशपर द्विपदींचा संग्रह. तो तिथे भिंतीवर संगमरवरात कोरून लावलाय. तिसऱ्या प्रकरणात डोळे, कान, जीभ, हात अशा एकेका इंद्रियाला आवर घालण्याबद्दल लिहिलंय. आई-बाबांना ते अजिबात परकं वाटणार नाही. शिवाय त्यांनी मलय भाषेच्या लेखनाचं आणि व्याकरणाचं पुस्तक लिहिलं (1857), मलयचा अर्थ मलयमध्येच सांगणारा कोश हाती घेतला, आणि 1865 च्या सुमारास मलय-बुगिस राजांची मोठी बखर 'तुहफत अल-नफीस' लिहायला घेतली. समोरच्या तांजुंगपिनांगला फोन द वॉल नावाचा डच सरकारचा जर्मन नोकर मलय-डच शब्दकोश करत होता. या दोघांची वर्षानुवर्षांची मैत्री आणि पत्रव्यवहार. ती पत्रं जपली गेली आणि आज छापील रूपात वाचता येतात. ज्या सत्तेने आत्याच्या घरातून राज्यचिन्हं उचलली तिच्याच नोकराला भाचा शब्दांचे बारकावे समजावून देत होता, हे मला फार हलवून जातं.

राजा अली हाजी एकटे नव्हते. या घराण्यात लिहिणं ही रीतच होती, आणि स्त्रियाही लिहीत. त्यांची नात आयशा सुलैमान हिच्या कथा-काव्यांवर आज अभ्यास होतात. एवढ्याशा बेटावर छापखाना होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'रुशदिया क्लब' नावाचं लेखक-विचारवंतांचं मंडळही होतं. रियाऊ-जोहोरच्या दरबारात घडलेली मलय पुढे प्रमाण मानली गेली. 1928 मध्ये इंडोनेशियाच्या तरुणांनी ऐक्याची भाषा म्हणून जी स्वीकारली, तिची मुळं इथे आहेत. मलेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूरच्या मलयचीही. राजा अली हाजींना 2004 मध्ये इंडोनेशियाने राष्ट्रीय वीराचा दर्जा दिला. तलवारीच्या माणसांच्या यादीत हा लेखणीचा माणूस आहे, आणि आजोबा राजा हाजी आधीपासून त्या यादीत आहेतच.

मग मशिदीकडे या. सध्याची इमारत 1832 ची, सातवे मुदा राजा अब्दुर्रहमान यांनी लोकांच्या श्रमदानातून उभी केलेली. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळला होता असं बेटावर सगळे सांगतात: मजुरांसाठी इतकी अंडी आली की खाऊन कंटाळले, मग बलक बांधकामात वापरला. घुमट 13 आणि मनोरे 4. मिळून 17, दिवसभराच्या पाच नमाजांतल्या फर्ज रकातांइतके, म्हणजे नमाजाच्या सक्तीच्या आवर्तनांइतके. आत शिरताना काचेच्या पेटीत हस्तलिखित कुराण ठेवलंय. 1867 चं हे कुराण पेन्येंगातच्याच अब्दुर्रहमान इस्तंबूल यांनी लिहिलेलं. बेटावरून तुर्कस्तानात शिकायला पाठवलेला हा तरुण, म्हणून नावापुढे इस्तंबूल. वाकून जवळून बघा, अक्षर सरळ आणि घोटीव आहे. शेजारच्या जुन्या कपाटांत राजघराण्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं आहेत. अंगभर कपडे हवेत, बायकांनी डोक्यावर ओढणी ठेवावी, आणि आत फोटो काढू नका. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका, ती वेळ गावच्या लोकांची.

बाकीचं झपाट्याने झालं तरी चालेल. 'इस्ताना कांतोर' हा आठव्या मुदांचा वाडा-कम-कचेरी, आता भिंती आणि दरवाजे उरलेत. राजवैद्याच्या घराच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातलाय. दारूगोळ्याचं कोठार जाड भिंतींचं, छोटंसं, शाबूत आहे. 'बालाई अदात' ही लाकडी खांबांवरची इमारत नव्याने बांधलेली आहे. आत मलय लग्नाचं सजवलेलं आसन आहे आणि खाली गोड्या पाण्याची विहीर.

इतके वाडे असे पडके का, हे बाबा नक्की विचारतील. 1911 मध्ये डचांनी शेवटच्या सुलतानाला पदच्युत केलं, तो आणि दरबारातली बरीच मंडळी सिंगापूरला निघून गेली, आणि 1913 मध्ये सल्तनतच बरखास्त झाली. जाताना इमारती डचांच्या हाती पडू नयेत म्हणून लोकांनीच पाडल्या-जाळल्या, असं तिथे सांगतात. नंतर जंगलाने उरलंसुरलं झाकलं.

आता जाण्याचं. सिंगापूरच्या तानाह मेराह धक्क्यावरून तांजुंगपिनांगची थेट फेरी घ्या, साधारण दोन तास. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा व्हिसा उतरल्यावर मिळतो, फी 5,00,000 रुपिया. आधी ऑनलाइन काढलात तर रांग वाचते. नियम बदलत राहतात, तिकिटाआधी एकदा बघून घ्या. त्याहून महत्त्वाचं: आई-बाबांचा सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते तपासा, नाहीतर परत येताना अडकाल. तांजुंगपिनांगचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे, परतीच्या फेरीची वेळ बघताना हे ध्यानात असू द्या. रात्री मुक्काम तांजुंगपिनांगला करा आणि सकाळी लवकर पेन्येंगातला जा. विषुववृत्त जवळच आहे, अकरानंतरचं ऊन वयस्कर माणसांना झेपत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त.

तांजुंगपिनांगच्या धक्क्याजवळून 'पोंपोंग' म्हणजे छोट्या लाकडी मोटारबोटी सुटतात. माणसं भरली की निघतात, पंधरा-वीस मिनिटांत बेटावर. भाडं माणशी काही हजार रुपिया, फार नाही. बोटीत चढताना-उतरताना गुडघेदुखी असलेल्याला हात द्यावा लागेल. बेटावर मोटारसायकलला जोडलेल्या गाड्या, 'बेचाक', मिळतात. आई-बाबांसाठी एक घ्या, पण भाडं आणि थांबण्याच्या जागा आधी ठरवा, आणि एंग्कू पुत्रीच्या कबरीपाशी घाई करणार नाही असं चालकाला सांगून ठेवा. राजा हाजींच्या कबरीसाठी आणि बुकित कुर्सीसाठी थोडा चढ आहे.

खाण्याचं म्हणाल तर बेटावर मासे आणि नारळाचं राज्य आहे. शाकाहारी असाल तर नाश्ता तांजुंगपिनांगला भरपेट करून निघा आणि सोबत काहीतरी ठेवा. तांदळाच्या पिठाचं आणि गुळाचं तळलेलं 'दराम-दराम' मात्र मिळालं तर घ्या.

परत आल्यावर एक दिवस सिंगापूरच्याच कांपोंग ग्लाम भागात जाऊन या. सुलतान मशिदीशेजारचा जुना वाडा हुसेनच्या घराण्याचा आहे, त्याच्या मुलाने बांधलेला. तिथे आता मलय वारसा केंद्र आहे. उघडं आहे का ते निघण्याआधी बघून घ्या. एका भावाची बाजू तिथे आणि दुसऱ्याची पेन्येंगातला, अशा दोन्ही बघितल्या म्हणजे 1819 ची गोष्ट पुरी होते.