लष्कराच्या भाकऱ्या आणि त्यांचा हिशेब

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मिस्टरांचं गणपती पेठेत किराणा-भुसार दुकान आहे. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. २०१९ च्या पुरात आमचं घर पाण्यात होतं, तेव्हापासून त्याला मदतकार्याचं वेड लागलं. कॉलेजात एन.एस.एस., रक्तदान शिबिरं, कुणासाठी तरी वर्गणी, सतत काहीतरी चालू. मागच्या वर्षी त्याने आणि मित्रांनी ओळखीतल्या एका छोट्या मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी पैसे जमवले. नंतर ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, पैसे उरले, ते यांनी दुसऱ्या एका पेशंटला दिले. आता ग्रुपवर लोक हिशेब मागतात, ‘पैसे खाल्ले’ म्हणतात. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. दोन विषय राहिलेत. कधी म्हणतो सगळं सोडतो, कधी म्हणतो शिक्षण सोडून स्वतःची संस्था काढतो. मिस्टर म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर आणि दुकानात बस. त्याचं हे खूळ कसं काढू? यात पगाराची नोकरी तरी असते का? – एक आई, सांगली

उत्तर :

ताई, नमस्कार.

खूळ काढायच्या मागे लागू नका. वयाच्या विसाव्या वर्षी दुसऱ्याच्या लेकरासाठी दारोदार फिरणारा मुलगा तुमच्या घरात आहे, ही काळजीची गोष्ट नाही. काळजीची गोष्ट आहे ती त्याचं खोलीत कोंडून घेणं. तो नीट जेवत-झोपत नसेल किंवा ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलत असेल, तर करिअरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’ची सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, तिथे फोनवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता त्या आरोपाबद्दल. तो मिटल्याशिवाय त्याचं अभ्यासात लक्ष लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांनी पैसे खाल्ले नाहीत, हे तुम्ही लिहिलंय आणि मी ते खरं धरून चालते. पण त्यांच्या हातून दोन गोष्टी राहिल्या. पैसे बहुतेक एकाच्या खासगी यूपीआयवर घेतले असणार, त्यामुळे त्याच्या रिचार्जचे आणि चहाचे पैसेही त्याच खात्यातून गेले असतील. आणि उरलेली रक्कम दुसरीकडे वळवताना देणाऱ्यांना विचारलं नाही. दुसऱ्या पेशंटला गरज होती हे मान्य, पण ज्याने त्या मुलीसाठी पाचशे रुपये दिले, त्याने ते त्या मुलीसाठीच दिले होते. त्याला विचारायचा हक्क आहे. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

यावर उपाय तुमच्या घरातच आहे. तुमच्या मिस्टरांनी आयुष्यभर खतावणी लिहिली आहे. त्यांना सांगा, एक संध्याकाळ मुलाला घेऊन बसा. ज्या खात्यात पैसे आले त्याचं बँक स्टेटमेंट काढा. डावीकडे जमा : तारीख, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं. उजवीकडे खर्च : औषधांची बिलं, तपासण्या, गाडीभाडं, दुसऱ्या पेशंटला दिलेली रक्कम आणि त्याच्या घरच्यांची सही असलेली पोचपावती. ज्या खर्चाचं बिल नाही, त्यापुढे ‘बिल नाही’ असंच लिहा. तो आकडा कुठेतरी जिरवायच्या फंदात पडू नका. खाली तीन ओळी : पैसे का उरले, कुठे दिले, आणि न विचारता दिले याबद्दल दिलगिरी. ज्याला आपली रक्कम परत हवी असेल त्याने अमुक तारखेपर्यंत सांगावं, हेही लिहा. परत मागणारे थोडेच निघतात, पण जे मागतील त्यांना द्यावेच लागतील. सध्या घरातून द्या, मुलगा पुढे फेडेल.

हा कागद ग्रुपवर एकदाच टाकायचा. त्याखाली वाद घालत बसायचं नाही. दोन-तीन लोक तरीही बोलत राहतील. सार्वजनिक पैशाला हात लावणाऱ्याच्या वाट्याला हे येतंच, आणि प्रामाणिक माणसाला ते जास्त लागतं. त्याला हे आताच कळलं तर बरं.

आणखी एक, जे त्याला कुणी सांगितलेलं नसणार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे, तर त्यातल्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळाची पोरं दरवर्षी वर्गणीआधी हीच परवानगी काढतात. पुढच्या वेळी नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फतच पैसे घ्यायचे, पावती तिच्या नावाची, खातं तिचं. मुलांनी धावपळ करावी, पैशाला हात लावू नये.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते : ऑपरेशन योजनेत बसलं. ताई, मला यातच त्याच्या करिअरचा धागा दिसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अंगणवाडी आणि शाळांतून तपासणी होऊन हृदयदोष सापडलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुख्यमंत्री सहायता निधी वेगळाच. मिरजेला रोज कर्नाटकापासून पेशंट येतात. त्यातल्या कितीतरी जणांना रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन योजनेच्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्रा’च्या, म्हणजे पेशंटला योजनेत मदत करणाऱ्या माणसाच्या, टेबलापर्यंत कुणी नेलं, तर वर्गणीची वेळच येत नाही. तुमच्या मुलाने आधी पैसे जमवले आणि योजना नंतर कळली. हा क्रम उलटा करणं हे पूर्णवेळ काम आहे आणि त्याला पगार आहे. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं. त्यासाठी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, लागते.

एम.एस.डब्ल्यू. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि कुठल्याही शाखेचा पदवीधर तो करू शकतो. साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एम.ए.चे प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतात. हे शिक्षण वर्गात कमी आणि क्षेत्रकार्यात जास्त होतं. झोपडपट्टी, दवाखाना, बालगृह, प्रत्येक भेटीचा लेखी अहवाल. ज्यांना नुसता उत्साह असतो ते इथे कंटाळतात.

दुसरी वाट मला त्याच्यासाठी जास्त जवळची वाटते, कारण तो कॉमर्सचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. हा पैसा संस्थांकडे येतो आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतो. करसवलतीच्या नोंदण्या (ज्यांना १२ए, ८०जी म्हणतात), वार्षिक लेखापरीक्षण, परदेशी देणगीसाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं वेगळं खातं, हे सगळं सांभाळणारा माणूस संस्थांना सहज मिळत नाही. ज्याला गावात फिरायलाही आवडतं आणि ताळेबंदही वाचता येतो, त्याला काम मिळतं. पण एक स्पष्ट सांगते. बहुतेक नोकऱ्या प्रकल्पाच्या कराराच्या असतात. प्रकल्प संपला की करार संपतो, आणि सुरुवातीचा पगार बँकेतल्या मित्रापेक्षा कमी असतो. घरच्यांची तयारी आहे का, हे आताच बोलून घ्या.

शिक्षण सोडून संस्था काढणं? नाही. संस्था ‘सोसायटी’ म्हणून नोंदवायला सात सभासद लागतात, ते मित्र मिळून एका दुपारी जमतील. पुढे दरवर्षी ऑडिट, धर्मादाय कार्यालयात हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि मित्रांची लग्नं-नोकऱ्या झाल्या की एकटाच उरणारा सचिव. त्याला सांगा, आधी दुसऱ्याच्या संस्थेत दोन-तीन वर्षं राब. सातारा जिल्ह्यात म्हसवडला जाऊन ये. चेतना सिन्हांनी माणदेशी महिलांची बँक काढायला घेतली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. नाकारलेल्या अर्जानंतरचे ते महिने कुठल्याही पोस्टरवर दिसत नाहीत.

मोहिमांचं तसंच असतं. पुराचंच बघा. २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. राज्यभरातून ट्रकच्या ट्रक आले. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत गाळ होता. हवी होती खराटे, फिनेल, गमबूट, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी भिजलेली कागदपत्रं शोधून देणारी माणसं. तोपर्यंत कॅमेरे आणि गर्दी, दोन्ही गेली होती. तुमचा मुलगा गाळ काढायला थांबला होता का? हे त्याला जरूर विचारा. २०१९ ला तो शाळकरी असेल, पण २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हाचं आठवत असेल. गर्दी गेल्यावरचं काम ज्याला आवडतं त्याने या क्षेत्रात यावं. ज्याला फक्त पहिल्या आठवड्याची धावपळ आवडते त्याने नोकरी-धंदा करावा आणि वेळ पडली की धावून जावं. दुसरा कमी प्रतीचा नाही. अशा माणसांच्या जिवावरच सांगली दोनदा उभी राहिली.

मिस्टरांचा रागही मला कळतो. दुकान सोडून पोरगा रस्त्यावर दिसला की बापाला लागतं. पण त्याला दुकानात ‘बसवू’ नका, दिवसाचे दोन तास वहीवर बसू द्या. तोही शिकेल, आणि वडिलांना आपलं काम मुलाच्या कामी आलेलं दिसेल.

एन.एस.एस. सोडू नका. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळतं, ते पुढच्या प्रवेशात आणि मुलाखतीत दाखवता येतं. बाकी सगळ्या मोहिमा मात्र राहिलेले दोन विषय निघेपर्यंत बंद. फोन येतील, ‘तूच हवास’ म्हणतील. ‘परीक्षेनंतर’ एवढंच उत्तर द्यायचं. नाही म्हणता न आल्यामुळे या कामातली चांगली पोरं दमून बाहेर पडताना मी पाहिली आहेत.

हिशेबाचा कागद तयार झाला की टाकण्याआधी हवा तर मला पाठवा, नजर टाकून देते. आणि एक काम आजच करा. त्या मुलीचा हॉस्पिटलमधला, नळ्या लावलेला फोटो अजून ग्रुपवर आणि पोस्टमध्ये फिरत असेल. तो आधी काढून टाकायला सांगा. उद्या ती शाळेत जाईल.