वाचकांचे प्रश्न : शालीच्या आधी सुट्टी

प्रश्न : आमच्या 31 वर्षांच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा न राहणे) आहे. गेली 11 वर्षे एक मावशी सकाळी आठ ते रात्री आठ त्याचे सर्व काही पाहतात. येत्या 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आमच्या पालक गटाने अशा सर्व मावशी-मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ठरवले आहे, पण आमच्या मावशी म्हणाल्या, “मला स्टेजवर नका बोलावू, त्यापेक्षा दोन दिवस लेकीकडे जाऊ द्या.” आम्हाला वाईट वाटले. त्यांचा मान कसा ठेवावा?
— एक आई, नाशिक

उत्तर : मान कसा ठेवावा हे मावशींनी सांगूनच टाकले आहे, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पत्रात आपण त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख केलेला नाही. लेकीकडे दोन दिवस जाण्यासाठी त्यांना सत्काराचे निमित्त शोधावे लागले, यावरून ती ठरलेली नसावी असे दिसते. हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. बदली बाई येते, मुलगा तिच्या हातून खात नाही, एखाद्या घासाला ठसका लागतो आणि संध्याकाळपर्यंत सगळे घर मावशींच्या वाटेकडे डोळे लावून बसते. असा एक दिवस काढला की सुट्टीचा विषय पुन्हा निघत नाही, हे अशा बहुतेक घरांना ठाऊक आहे.

मात्र एका घराला जे जमत नाही, ते आपल्या गटाला जमू शकते. दहा-बारा घरांनी मिळून एक-दोन बदली मदतनीस पगारावर ठेवावेत, त्यांनी आठवड्यातून ठरलेल्या वारी एकेका घरी जावे आणि त्या दिवशी त्या घरच्या मावशींना भरपगारी सुट्टी मिळावी. बदलीच्या माणसाला शिकवायचे कोणी, तर अर्थातच मावशींनी, आणि त्या तासांचे वेगळे पैसे त्यांना देऊनच. त्या सांगतील ते एका वहीत उतरवून घ्यावे : भरवताना मान किती झुकलेली हवी, घास केवढा असावा, पाणी पातळ चालते की दाट करावे लागते, जेवणानंतर किती वेळ आडवे करायचे नाही, पाय ताठरले की ते ओढण्याऐवजी कुठे हात घालून सावकाश वाकवायचे, कूस किती वेळाने बदलायची, आकडी आली तर ती किती मिनिटे टिकली हे घड्याळ पाहून कसे टिपायचे. ती वही मुलाच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालून घालावी, आणि पहिल्या पानावर मावशींचे नाव लिहावे. 11 वर्षांचे हे ज्ञान आज फक्त त्यांच्या हातात आहे, आणि त्याला मान्यता देण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही.

सत्कार करूच नये असे माझे म्हणणे नाही. नाशिकच्या थंडीत शाल उपयोगीही पडते. पण आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. अशा समारंभात कोणीतरी पाहुणे ‘अशांना सांभाळणे म्हणजे तपश्चर्याच’ असे ध्वनिक्षेपकावरून म्हणतात, आणि ते ऐकत आपला 31 वर्षांचा मुलगा व्हीलचेअरवर समोरच बसलेला असतो. त्यापेक्षा मावशींविषयी काय सांगायचे ते त्यालाच विचारावे, मग तो बोलून सांगो, खुणेने सांगो, नाहीतर चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगो.

प्रश्न : अपघातात मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेल्या एका ताईंकडे मी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत 6 वर्षे काम करते. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) निगा, पाठीला जखम न होऊ देणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे, हे सगळे मला येते. पण घर बदलले की मी पुन्हा ‘नवी बाई’. या कामाचा कागद कुठे मिळेल?
— एक मदतनीस, पुणे

उत्तर : पहिला कागद ताईंकडूनच मागा. ‘प्रामाणिक व कष्टाळू’ अशा दोन शब्दांवर समाधान मानू नका. आपण पत्रात लिहिली आहेत ती कामे एकेक करून, वर्षांसह, त्यांच्या सहीने लिहून घ्या.

कामगार म्हणून नोंद होण्यासाठी, भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विमा लागू नसेल तर, 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेले ई-श्रम हे केंद्र सरकारचे नोंदणी संकेतस्थळ आहे. शिवाय 2008 च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीविषयी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. तेथे काम करीत असल्याचा घरच्यांचा दाखला लागतो, म्हणून वरचे पत्र सोबत ठेवा.

या नोंदणीने आपण कामगार ठरता; आपले कौशल्य मात्र तिच्यात कुठेच दिसत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा 2021 मध्ये सुरू झालेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, आणि तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हटले जाते. सहा महिने पगार बुडवून शिकायला बसणे आपल्यासारखीला कितपत परवडेल, ही रास्त शंका आहे. जिला काम आधीच येते तिची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे, तिला पुन्हा पहिल्या बाकावर बसवू नये, असे मला वाटते.

प्रश्न : माझी 19 वर्षांची मुलगी बहुविकलांग आहे. तिचे सगळे मीच करते. मला पगार नाही, सुट्टी नाही. कायद्याच्या लेखी मी कोणी आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर : आहात. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 मधील काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडील व कुटुंबीय येतात, आणि मोबदला घेऊन असो वा न घेता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना कराव्यात अशी त्या कलमाची शब्दरचना असल्यामुळे, कायद्यात भत्ता आहे म्हणून तो लगेच खात्यात जमा होईल असे समजू नका.

तरीही मुलीचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड) तयार ठेवा, आणि जास्त आधाराची गरज आहे हे ठरवून घेण्यासाठी कलम 38 खाली तिच्या नावाने अर्ज करा. अर्जात दिवसभराच्या कामांबरोबर रात्रीची उठबसही वेळांसह लिहा. तीन वेळा उठून मुलांची कूस बदलणाऱ्या मातासुद्धा विचारल्यावर ‘रात्री तसे काही नसते’ असे सांगून जातात.